घोलपकाकांचं खळं

देवळात शिरताना पायातलं काढणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. गवताच्या कोठारात शिरताना बूट काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तोसुद्धा जर्मनीत, ऐन जानेवारीत, अंगणात बर्फाचा चिखल झालेला असताना. घोलपकाका एका हातानं दाराची चौकट धरायचे, दुसऱ्या हातानं नाड्या सोडायचे, बूट जोडीनं भिंतीशी लावून ठेवायचे आणि लोकरी मोज्यांवर आत जायचे. बरोबरच्या माणसानं बूट काढले नाहीत तर नुसते त्याच्या बुटांकडे बघत उभे राहायचे. थोड्या वेळानं तो माणूस आपण होऊन खाली वाकायचा.

"अहो काका, गुरांची जागा ना ही?" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं होतं.

"गुरं असायची तिकडं, भिंतीपलीकडं. हे मधलं खळं आहे. इथं मळणी व्हायची. खळ्यावर कुणी पायताण घालून जातं का? तुमच्यात जात असतील. आमच्यात नाही."

'तुमच्यात' म्हणजे पुण्यात. यशवंत घोलप हे कराडजवळच्या एका गावचे. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ते नव्वदच्या दशकात जर्मनीत आले आणि बॉबलिंगेनजवळच्या आमच्या कंपनीत चिकटले ते चिकटलेच. मी रुजू झालो तेव्हा ते साठीच्या अलीकडे होते. त्यांचं काम एकच, गाडीच्या सीटचा सांगाडा किती भार पडला की मोडेल हे संगणकावर काढून दाखवायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना एकाच नजरेनं दिसू लागली होती. कुठेही गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "भार कुणावर आहे?"

आमच्याकडे ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझी बायको अनघा हौसेनं पुरणपोळ्या करत होती. काका आत आले, आधी छताकडे बघितलं, मग आमच्याकडे. नमस्कार झाले. अनघा ताटं घेऊन बाहेर येते तर पाहुणे गायब. ते जेवणाच्या टेबलाखाली होते. "पाटणकर, ह्या पायाला काही कामच नाही. तिघं ओढतायत आणि हा बसून खातोय," खालून आवाज आला. जेवताना त्यांनी अख्ख्या ऑफिसचा हिशेब मांडला. कोण खांब, कोण तुळई आणि कोण नुसतं शोभेचं लाकूड. आमचा टीम लीडर शोभेत गेला. महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्षही शोभेतच गेले. अनघानं विचारलं, "आणि हे?" माझ्याकडे जरा वेळ बघून काका म्हणाले, "पाटणकर म्हणजे कुडाची भिंत. भार घेत नाही, पण वारा अडवते." अनघाला हे इतकं पटलं की ती अजूनही अधूनमधून मला ऐकवते.

मंडळात त्यांची धास्ती होती. एका दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांचा नाच आणि लावणी यांच्यामध्ये त्यांनी "दोन मिनिटं" म्हणून माइक घेतला आणि लाकडी सांध्यांचे प्रकार समजावून सांगितले, चित्रांसकट. लावणीवाल्या मुली पडद्यामागे शालू सावरत ताटकळल्या. शेवटी कोणीतरी दिवे घालवले, तेव्हा काका म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर, असाच अंधार असतो आत. आता डोळे सरावू द्या." आणि पुढे चालू.

हे सगळं ज्या एका इमारतीपायी, ती म्हणजे काकांच्या घरमालकीणबाई फ्राऊ आयझेले यांची शॉयने. शॉयने म्हणजे शेतकऱ्याचं कोठार. पण कोठार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्याच्या चौपट मोठं. गवत, पेंढा, धान्य, गाड्या, अवजारं, सगळ्यांनी एका छपराखाली राहायचं. आम्ही मराठी मंडळी एस-बानच्या, म्हणजे लोकल गाडीच्या, स्टेशनाला धरून राहायचो. काका मात्र जिथे बस तासातून एकदा येते अशा खेड्यात, फ्राऊ आयझेलेंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. म्हणे ते खोली बघायला गेले आणि खोली बघितलीच नाही. खिडकीतून शॉयने दिसते एवढं पाहिलं आणि हो म्हणून मोकळे झाले.

तिथे ते एकटेच असत. सुलभावहिनी मुलीच्या दहावीसाठी म्हणून पुण्याला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. दहावी झाली, पदवी झाली, मुलगी नोकरीला लागली. कुणी विचारलं की काका म्हणायचे, "पुण्याला सगळं व्यवस्थित," आणि वर छताकडे बघायचे. मग आम्ही विषय बदलायचो.

मी पहिल्यांदा शॉयनेत गेलो तो खरं म्हणजे टाळता आलं नाही म्हणून. मोज्यांतून थंडी वर चढत होती आणि मनात मी काकांना शिव्या घालत होतो. आत गडद अंधार होता. जुन्या गवताचा आणि धुळीचा वास होता. मग डोळे सरावले, मी वर बघितलं.

वर संपतच नव्हतं. खांबावर तुळई, तुळईवर पुन्हा खांब, त्यावर पुन्हा तुळई, आणि त्याच्याही वर वासे एकमेकांकडे झुकत आढ्याला जाऊन भिडलेले. कौलांच्या फटींमधून उन्हाच्या बारीक पट्ट्या तिरक्या खाली उतरत होत्या आणि त्यांच्यात धूळ हलत होती. एवढं लाकूड एका जागी मी जंगलातही बघितलं नव्हतं. माझा आवाज आपोआप खाली गेला.

"एक खिळा शोधून दाखव," काका म्हणाले.

मी शोधला. नव्हता. एका लाकडाला जीभ काढलेली, दुसऱ्याला तेवढीच खाच, आणि दोघांमधून आरपार ओकची खुंटी ठोकलेली. बस्स. काकांनी माझा हात धरून खांबावर फिरवला. कुऱ्हाडीनं तासल्याच्या खुणा बोटांना लागत होत्या, प्रत्येक घाव वेगळा. एका सांध्यापाशी त्यांनी मोबाइलचा उजेड टाकला. लाकडावर उभ्या रेघा कोरल्या होत्या, एकीला छोटंसं शेपूट. शेजारच्या लाकडावरही तशीच खूण होती.

"सुतारानं आधी अख्खी शॉयने जमिनीवर आडवी मांडली. जोड बसवून बघितले, खुणा केल्या, सगळं सुटं केलं. आणि मग एक दिवस सगळं गाव आलं आणि उचलून उभी केली. आपल्याकडं पेशवाई होती तेव्हा. म्हणजे ही झाडं उगवली शिवकाळात. लाव हात, लावून तर बघ." थोडं थांबून म्हणाले, "पूर्वी इथं असल्या इमारतीला जंगम मालमत्ता धरत. माणूस गाव सोडून निघाला तर घर सुटं करून गाडीत घालून न्यायचा." मग त्यांनी वर आढ्याकडे बघितलं.

भिंती लाकडी चौकटींमध्ये भरलेल्या होत्या. एका ठिकाणी गिलावा पडला होता तिथून आतलं दिसत होतं, विणलेल्या काटक्या आणि त्यांवर पेंढा मिसळून थापलेली माती. मी ओळखलं. "काका, हा तर कूड आहे."

"आल्झो, तर मग मी काय सांगतोय?" काका खूश झाले. त्यांनी मला समोरासमोरची दोन प्रचंड दारं दाखवली. एकातून भरलेली गाडी आत यायची, दुसऱ्यातून रिकामी बाहेर जायची. आणि दोन्ही उघडली की मधून वारा वाहायचा, उफणणीची सोय. कोपऱ्यात एका खांबाला डोक्याशी दोन आणि पायाशी दोन तिरकी लाकडं जोडली होती, हातपाय फाकून उभ्या असलेल्या माणसासारखी. जर्मन लोकही त्याला माणूसच म्हणतात. काका त्याला पैलवान म्हणत. ती तिरकी लाकडं मुळातच वाकडी वाढलेली, मुद्दाम जंगलातून हुडकून आणलेली. "सरळ लाकूड कुणीही आणेल. ह्याला जिथं वाकायला हवं होतं तिथंच वाकलेलं झाड शोधलंय त्यांनी." मी पैलवानाकडे बघत राहिलो. घरी गेल्यावर अनघानं विचारलं, कसं होतं? मला नीट सांगता येईना. मी म्हणालो, पुन्हा जाणार आहे.

फ्राऊ आयझेले ऐंशीच्या घरातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गाई त्याच्याही आधी विकलेल्या. कोंबड्या, आलुबुखारासारख्या निळ्या प्लमची झाडं आणि ही शॉयने एवढंच उरलं होतं. त्या अस्सल श्वाबिश बोलत. ती बोली काकांना अर्धीच कळायची, आणि काकांचं ऑफिसातलं जर्मन त्यांना अर्धंच. त्यामुळे भांडण होण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या वसंतात शॉयनेच्या पैलवानाकडच्या कोपऱ्याला पोट सुटलं. भिंत बाहेर आली, काही कौलं घसरून अंगणात पडली. फ्राऊ आयझेलेंच्या पुतण्यानं बाउआम्टला, म्हणजे बांधकाम खात्याला, कळवलं. पुतण्या वाईट नव्हता. म्हातारी काकू रोज अंडी गोळा करायला त्या छपराखाली जाते, उद्या डोक्यावर कोसळलं तर, ही त्याची काळजी. खात्याचा साहेब येऊन बघून गेला आणि सांगून गेला. हिवाळ्याच्या आधी इमारत सुरक्षित आहे असं दाखवा, नाहीतर पाडा. पाडायची झाली तर पुतण्या जागा विकणार होता आणि काकू श्टुटगार्टला वृद्धाश्रमात जाणार होती. फ्राऊ आयझेले एवढंच म्हणाल्या, की माझ्यात आता जोर नाही, जे व्हायचं ते होऊ दे. काका वरच्या मजल्यावरून खाली आले आणि त्यांना म्हणाले, "ती उभी राहील. मी हिशेब करून दाखवतो."

"तुमचं काय जातंय, काका?" अनघानं त्यांना विचारलं. "रिटायरमेंट आलीच आहे. पुण्याला घर आहे, वहिनी आहेत." काकांनी आमच्या छताकडे बघितलं आणि ताक मागितलं.

मग आमचा प्रत्येक शनिवार मोजमापात गेला. मी टेपचं टोक धरायचो, काका आकडे सांगायचे. सगळी शॉयने, खुंटीसकट, त्यांनी ऑफिसातल्यासारखी संगणकात उभी केली. छपराचं वजन घातलं, बर्फाचं घातलं, वाऱ्याचं घातलं. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. पडद्यावर शॉयने लालभडक झाली होती. लाल म्हणजे मोडलं.

"पडलेली आहे ही," काका म्हणाले.

मी खिडकीतून बघितलं. शॉयने समोर उभी होती. छपरावर कबुतर बसलं होतं.

"चुकलं असेल काहीतरी."

"मी तपासलं. पुन्हा पुन्हा तपासलं. हिशेबानं ही कधीच पडलेली आहे."

आता दुसरा कोणीही असता तर ते कागद ड्रॉवरमध्ये टाकून गप्प बसला असता. घोलपकाकांनी त्यांच्या रंगीत प्रती काढल्या, बाइंडिंग केलं, आणि इस्त्रीचा शर्ट घालून खात्याच्या साहेबाकडे घेऊन गेले. मी बरोबर होतो. साहेब सज्जन माणूस. त्यानं पानं उलटली, लाल चित्रं बघितली, चष्मा काढला.

"हेर घोलप, म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की ही इमारत उभी राहू शकत नाही?"

"गेनाऊ. माझ्या हिशेबानं नाही."

"मग आपलं दोघांचं एकमत आहे."

"पण ती उभी आहे," काका म्हणाले. "ह्याचा अर्थ तिला काहीतरी माहीत आहे जे मला माहीत नाही. थोडा वेळ द्या."

साहेबानं दिलगिरीच्या आवाजात सांगितलं की इमारतीला काय माहीत आहे यावर त्याला सही करता येत नाही. तुमच्या आकड्यांनंतर तर मुळीच नाही.

बसस्टॉपवर पाऊस कोसळत होता. मी चिडलो होतो. "काका, कशाला दाखवलेत ते कागद? साक्षीदार आपला आणि साक्ष त्यांच्या बाजूनं."

"मग खोटं सांगू? आकडे तसे आलेत." ते बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. इतके खचलेले काका मी कधी पाहिले नव्हते. माझा राग उतरला.

गावात उतरल्यावर ते घरात न जाता सरळ शॉयनेकडे गेले. दारात बूट काढले. मोजे पिळण्याइतके भिजले होते, तेही काढले. अनवाणी जाऊन पैलवानापाशी उभे राहिले, एक हात खांबावर ठेवून. मीही दाराशी उभा होतो. तेवढ्यात काकांनी एक पाय उचलला, पुन्हा ठेवला, थोडा सरकवला.

"पाटणकर, इकडं ये. मोजे काढ."

"काका, आता..."

"काढ म्हणतो ना."

मी काढले. त्यांनी मला खांबाच्या बुडाशी उभं केलं. गार मातीवर पाय ठेवले आणि मग अंगठ्याला काहीतरी वेगळंच गार लागलं. वारा. खांबाच्या खालून वारा येत होता.

काका गुडघ्यांवर बसले. बुडाशी साठलेला पेंढा आणि माती हातांनी उकरली. खिशातून त्या रंगीत हिशेबाचं एक पान काढलं आणि खांबाखाली सरकवलं. ते न अडता या बाजूनं त्या बाजूला गेलं. खांबाखाली जोत्यावर जी आडवी तुळई असायला हवी ती कुजून तिचा भुगा झाला होता. कधी, कुणास ठाऊक. खांबाचे पाय जमिनीला लागतच नव्हते.

"हा उभा नाही," काका हळू आवाजात म्हणाले. "हा लटकलाय. मी समजत होतो ह्यानं वरच्यांना धरलंय. वरच्यांनी ह्याला धरलंय, पाटणकर. शेजारच्या दोन खांबांनी, त्या वाकड्या लाकडांनी, ह्या कुडाच्या भिंतींनी. आणि कुणी बोललं नाही."

आम्ही दोघं अनवाणी वर बघत उभे राहिलो. बाहेर पाऊस पडत होता आणि इतकं अवजड छप्पर आमच्या डोक्यावर कुणाकुणाच्या खांद्यांवरून वाट काढत, भलत्याच वाटेनं जमिनीला पोचत होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळातही येत नाही असा.

मग काका तसेच चिखलाच्या पायांनी फ्राऊ आयझेलेंच्या स्वयंपाकघरात शिरले आणि हातवारे करून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी फरशीकडे बघितलं, मग काकांकडे, मग टॉवेल आणून दिला.

नवा हिशेब जमला. लटकलेला खांब लटकलेला धरला, भिंतींनाही कामाला लावलं, तेव्हा पडद्यावरची शॉयने पिवळी झाली. हिरवी नाही, पण पिवळी. साहेबानं मुदत दिली. बर्फ पडायच्या आत खांबाला पाय द्या.

एक जाणता सुतार मिळाला आणि काकांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हाक दिली. ग्रुप तेव्हा नवाच होता आणि त्यावर फक्त वाढदिवसाचे केक पडत. कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. पण शनिवारी सकाळच्या बसमधून आमची बरीच मंडळी उतरली, शोभेच्या लाकडात गेलेले अध्यक्षसुद्धा. अनघानं बटाटेवड्यांचा डबा आणला. पहिलं भांडण अर्थातच बुटांवरून झालं. सुतार म्हणाला, पोलादी टोकाचे बूट घातल्याशिवाय माझ्या कामावर कोणी पाऊल टाकायचं नाही. काका म्हणाले, बूट घालून खळ्यावर कोणी पाऊल टाकायचं नाही. दोघंही एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले. तोडगा अनघानं काढला. कोरे करकरीत बूट आणायचे, ते आतच ठेवायचे आणि बाहेरच्या मातीला लागू द्यायचे नाहीत. तेव्हापासून त्यांचं नाव सोवळ्यातले बूट. सुतारानं त्याचा अर्थ विचारला. आम्ही समजावून सांगितला आणि त्याला तो चक्क आवडला.

छप्पर लोखंडी टेकूंवर तोललं. कुजलेलं काढलं, नवी ओकची तुळई बसवली, खांबाच्या बुडाला नवं लाकूड जोडलं, खुंट्यांनीच. सुतारानं नव्या लाकडावर त्याच जुन्या रेघा कोरल्या, शेपटासकट. मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी टेकू उतरवायचे ठरले. फ्राऊ आयझेलेही येऊन उभ्या राहिल्या. पुतण्या त्यांचा हात धरून होता, आणि खात्याचा साहेबही आला होता. सुतार एकेक टेकू किंचित सैल करायचा आणि थांबायचा. प्रत्येक वेळी शॉयने कण्हायची. वरून धूळ झरायची. एक मोठा, खोल आवाज आढ्यापासून निघाला, तुळया तुळयांमधून खाली आला आणि पैलवानाच्या पायाशी येऊन थांबला. मग सगळं शांत झालं. कोणी हललं नाही. साहेबानं खाली वाकून कागद सरकवून बघितला. कागद शिरेना. त्यानं उभं राहून काकांशी हात मिळवला.

शॉयने राहिली, म्हणून फ्राऊ आयझेले राहिल्या, आणि काकाही.

त्यानंतरच्या सप्टेंबरात, गणपती गेल्यावर, अनघानं त्या दोघांसाठी करंज्यांचा डबा देऊन मला पाठवलं. ऊन उतरत होतं. घरात कोणी नव्हतं. शॉयनेचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. मी दाराशी थांबलो.

खळ्यावर दोन खुर्च्या होत्या. एकीवर फ्राऊ आयझेले मांडीवर पातेलं घेऊन प्लमच्या बिया काढत होत्या. दुसरीवर काका. आणि काका त्यांच्याशी मराठीत बोलत होते. खांब नाही, तुळई नाही, भार नाही.

"आज कॅन्टीनला पालकाचं काहीतरी होतं," ते सांगत होते. "हिरवं. मीठ नाही, काही नाही. खाल्लं आपलं."

"जो, जो," फ्राऊ आयझेले मान हलवत हो-हो म्हणाल्या. मग त्यांनी श्वाबिशमध्ये एका कोंबडीची तक्रार सांगितली. ती म्हणे दुसरीकुठे तरी अंडी घालते.

"असं होय," काका म्हणाले. "गुडघा कालच्यापेक्षा बरा आहे. जिना चढताना दुखतो. उतरताना नाही. आणि ती निळी छत्री ऑफिसातच विसरलो बघा."

हे असंच चाललं होतं. ती दोघं रोज अशी बसत असणार हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. आमच्याकडे इतक्या वेळा जेवायला आलेल्या या माणसाचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. पालकाची भाजी, छत्री, जिना असलं ते आमच्याशी कधी बोललेच नव्हते. आत जावं की परत फिरावं ते कळेना.

काकांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "सुलभाला फोन करू का?"

फ्राऊ आयझेलेंनी त्यांच्याकडे बघितलं.

"बरेच दिवस झाले. ती करत नाही, मीही करत नाही. भांडण काही नाही हो. भांडण असतं तर निदान बोलायला विषय झाला असता. तिनं उचलला तर बोलायचं काय, हा प्रश्न आहे."

म्हातारीनं सुरी थांबवली आणि नीट विचार करून, सावकाश, बरंच मोठं उत्तर दिलं. माझी मुलगी तिथल्या किंडरगार्टनमध्ये जाऊ लागली होती, त्यामुळे मला तोवर श्वाबिश बऱ्यापैकी कळू लागलं होतं. त्या म्हणाल्या, की यंदा पाऊस फार झाल्यानं प्लम उशिरा धरले, साखर बेतानंच घालावी लागेल, आणि पुतण्याची बायको मुरांब्यात दालचिनी घालते ते त्यांना अजिबात पसंत नाही.

काकांनी ते सगळं खाली मान घालून, लक्ष देऊन ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तर करतो."

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक आकडा बघून दाबला. फ्राऊ आयझेलेंनी बियांचा आवाज होऊ नये म्हणून पातेल्यावर हात धरला.

"हॅलो, सुलभा? मी. नाही, नाही, झालं काही नाही. सहजच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. काका खुर्चीत जरा सावरून बसले.

"जेवलो ना," ते म्हणाले. "आज कॅन्टीनला पालकाचं काहीतरी होतं."